नातीची 'फायली' बरोबर आहे

संपादक महोदय,

सहावीतल्या माझ्या नातीने 'फाइल'चे अनेकवचन 'फायली' लिहिले. वहीत त्यावर लाल काट बसली आणि शेजारी 'फाइल्स' लिहून आले. 'फायली' गावंढळ वाटते, असे तिला सांगितले म्हणे. पोर रडवेली होऊन घरी आली, म्हणून हे पत्र.

तिचे काहीही चुकलेले नाही. परका शब्द मराठीत रुळला की त्याला लिंग मिळते आणि त्याप्रमाणे तो अनेकवचन घेतो. पोर्तुगिजांकडून बटाटा आला, त्याचे आपण बटाटे केले. त्यांचा शेवटचा 'स' घेतला नाही. अरबीतला कायदा आला, त्याचे कायदे झाले. त्याचे मूळ अरबी अनेकवचन 'कवाइद'. तेही आपल्याकडे आले, पण कवायत होऊन, एकवचनी होऊन. आता तिच्याही कवायती होतात! तुमच्याच अंकात 'बँका' आणि 'कंपन्या' रोज छापून येतात, 'बँक्स' कधी येत नाही. मग त्याच पानावर 'राइस मिल्स', 'ट्रक्स', 'टीचर्स' कशासाठी?

धानाच्या हंगामात तुमसरच्या बाजार समितीत जाऊन ऐका. 'दोन ट्रक भरले, साठ कट्टे राहिले,' असे हमाल सांगतो. ट्रक पुल्लिंगी अकारान्त, म्हणून 'देव'सारखा दोन्ही वचनांत तसाच. कट्टा आकारान्त, म्हणून कट्टे. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली व्याकरणात मांडलेली ही व्यवस्था त्याच्या जिभेवर आहे.

खरे नुकसान विभक्ती लागते तेव्हा दिसते. फायलींत, बँकांना, कट्ट्यांवर : त्या अनुस्वारातच अनेकवचन असते. 'टीचर्स'मध्ये ते ऐकू येत नाही, म्हणून लोक 'टीचर्सांना' म्हणू लागले आहेत. एका शब्दाला दोन-दोन अनेकवचने!

'चिप्स' मुळात अनेकवचनातच आला, तो तसाच राहू द्या. 'बसेस' फार वर्षांपासून तोंडी बसला आहे, हेही मान्य. तरी 'बसगाड्या' लिहिल्याने कोणाचे काही अडत नाही.

आपण 'मिल्स'ऐवजी गिरण्या, 'टीचर्स'ऐवजी शिक्षक आणि 'फाइल्स'ऐवजी फायली छापाव्यात, एवढी कळकळीची विनंती. बातमीत 'फायली' छापून आली, की ते कात्रण मी नातीच्या वहीत त्या लाल रेघेशेजारी चिकटवणार आहे.

– एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)