आवाजाला नाव का नको?

आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी परवा एक सिद्धांत मांडला. बोलणे चालले होते अमेरिकन अभिनेत्री जून फोरे ह्यांच्याविषयी. कार्टूनच्या चित्रांना आवाज देण्यात ज्या बाईंचा जन्म गेला, त्यांचे नाव कित्येक चित्रांवर लागलेच नाही, ह्याबद्दल आम्ही खेद दर्शविला. तेव्हा स्नेही म्हणाले, "ह्यात खेद कसला? खारच बोलते आहे असे मुलास वाटले पाहिजे. तेथे बाईचे नाव लिहिणे म्हणजे कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात दोरी दाखविणे होय." बसलेल्या मंडळींनी माना डोलाविल्या. हा सिद्धांत दिसावयास इतका सोज्वळ आहे की, तो खोटा आहे हे सांगण्याचे काम कोणी सहसा अंगावर घेत नाही. म्हणून ते आम्हांस घ्यावे लागत आहे.

दोरी दिसू नये हे खरे. पण खेळ कोणाचा हेही सांगू नये, असे कोणत्या सूत्रधाराने म्हटले आहे? नारायणराव राजहंस रुक्मिणी होऊन रंगभूमीवर येत, तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकास ही व्यक्ती कोण हे पुरतेपणी ठाऊक असे. किंबहुना 'बालगंधर्व' ह्या नावासाठीच लोक तिकिटाला धावत. त्यामुळे 'स्वयंवरा'तील रुक्मिणी कोणास उणी वाटली काय? नाव वाचून ज्याचा रसभंग झाला, असा प्रेक्षक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

आता बाईंची कामगिरी पाहू. फोरेबाईंचा जन्म १८ सप्टेंबर १९१७ रोजी मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड गावी झाला. बाराव्या वर्षी त्यांचा आवाज तेथील नभोवाणीवर उमटला, आणि पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला आल्यावर त्यांनी नभोवाणीवरच मुलांसाठी स्वतःचा कार्यक्रम चालविला. त्या काळच्या नभोनाट्यात एका नटाने एकाच खेळात दोनतीन माणसे उभी करणे ही नित्याची गोष्ट होती. बाईंची शाळा म्हणाल तर हीच. १९५० सालच्या 'सिंडरेला'तील ल्युसिफर नावाचे लबाड मांजर त्यांचे. त्यास एक शब्दही नाही, केवळ गुरगुरणे आणि फिस्कारणे. पण त्याचा खुनशीपणा ऐकणाऱ्याच्या कानात राहतो. ट्वीटी पक्ष्याला सांभाळणारी चष्मेवाली आजी १९५५ पासून त्यांची. १९५९ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणीवरील मालिकेत रॉकी ही उडणारी खार त्यांची, आणि त्या निरागस खारीच्या जिवावर उठलेली नताशा ही हेर स्त्रीही त्यांचीच! एकाच गळ्यातून सावज आणि शिकारी बोलत होते आणि लक्षावधी मुलांना त्याचा पत्ता नव्हता. आणखी एक गंमत अशी की, दोरी ओढली म्हणजे गोड बोलणारी 'चॅटी कॅथी' ही बाहुली १९६० च्या सुमारास बाजारात आली, तिचा आवाज फोरेबाईंचा. पुढे १९६३ मध्ये 'ट्वायलाइट झोन' मालिकेच्या एका भागात सावत्र बापाला जिवे मारण्याची धमकी देणारी एक बोलकी बाहुली आली, तिचाही आवाज त्यांचाच. जो गोडवा ऐकून पोरींनी बाहुली छातीशी धरावी, त्याच गोडव्याने मोठ्या माणसाला घाम फोडावयाचा, हे ज्या बाईला साधते तिला 'आवाज पुरविणारी' म्हणावे, की नटी?

आता भ्रमरक्षणाची गोष्ट. वॉर्नर बंधूंसाठी कार्टून काढणाऱ्या लिऑन श्लेसिंगर ह्यांच्याकडे मेल ब्लँक ह्या नटाने पगारवाढ मागितली. मालकांनी ती नाकारली आणि त्याऐवजी १९४४ च्या सुमारास त्यांचे नाव चित्राच्या आरंभी लावण्याचे कबूल केले. नावाला पैसा पडत नाही, हा हिशेब उघड आहे. ब्लँक हे असामान्य कलावंत होते आणि त्यांना आम्ही दोष देत नाही. पण परिणाम असा झाला की, पुढे अनेक वर्षे त्या चित्रांवर आवाजाखाली एकटे ब्लँक ह्यांचेच नाव राहिले. एल्मर फड हा शिकारी आर्थर ब्रायन ह्यांचा, पूर्वीची आजी बी बेनाडेरेट ह्यांची, नंतरची फोरेबाईंची. पण पाटीवर तिघेही नाहीत. १९५६ च्या 'ब्रूमस्टिक बनी'त तर कळस आहे. त्यातील हेझल चेटकीण अखेरीस सुंदर स्त्री होते, आणि चित्रकारांनी तो सुंदर चेहरा खुद्द फोरेबाईंवरून काढला. चेहरा घेतला, आवाज घेतला, नाव मात्र घेतले नाही! पडद्यावर नाव दिसल्याने मुलांचा भ्रम मोडतो असेल, तर तो ब्लँक ह्यांच्या नावाने कसा मोडला नाही? १९६६ च्या 'ग्रिंच'मध्ये बोरिस कार्लोफ ह्यांचे नाव आहे, चिमुकल्या सिंडी लूचा आवाज देणाऱ्या फोरेबाईंचे नाही. पुरुषाचे नाव भ्रमास पोषक आणि स्त्रीचे तेवढे घातक, असे आमच्या स्नेह्यांचे म्हणणे नसावे अशी आशा आहे.

दुसरा एक आक्षेप ऐकू येतो, तो असा की, अभिनय सगळा चित्रकाराचा, आवाज नंतर चिकटविलेला. असे म्हणणाऱ्यांनी हे काम कसे चालते ते पाहिलेले नाही. अमेरिकन पद्धतीत बहुधा आवाज अगोदर मुद्रित होतो. मग त्यातील प्रत्येक स्वर, प्रत्येक थांबा तपासून सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबाने तक्ता आखतात, आणि तो आवाज पुनःपुन्हा ऐकत चित्रकार ओठ, भुवया, खांदे काढतो. आवाजात उसासा आला म्हणून चित्रात छाती वर जाते. ह्यात कोण कोणामागे चालले आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

फोरेबाईंनी नुसती तक्रार केली नाही. कार्टूनकलेसाठी १९७२ पासून दिले जाणारे ॲनी पुरस्कार सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. पूर्ण लांबीच्या कार्टूनपटास स्वतंत्र ऑस्कर असावे म्हणून त्या वर्षानुवर्षे झगडल्या. ते पहिले ऑस्कर २००२ मध्ये 'श्रेक'ला मिळाले. आणि दैवाची थट्टा पाहा, त्या चित्रपटाच्या भित्तिपत्रकांवर पडद्यावरील प्रसिद्ध नटनट्यांची नावे ठळक छापलेली होती! खपाला उपयोगी पडणारे नाव असले की भ्रमाची चिंता कोणास राहत नाही. फोरेबाईंना स्वतःला अभिनयाचे एमी पारितोषिक मिळाले ते २०१२ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी. २६ जुलै २०१७ रोजी त्या वारल्या; शंभरीला दोन महिने उणे होते.

हे पाप अमेरिकेच्याच माथी मारून आपण मोकळे होऊ नये. १९४९ साली मुंबईत निघालेल्या 'महल'मधील गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या जागी 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले गेले. गायिका होत्या लता मंगेशकर. ती चूक पुढे सुधारली गेली. आमच्या घरातील मुले जपानी कार्टून हिंदीत ऐकतात. त्यातील एका पोराचा आवाज इतका जिवंत आहे की, तो कोणाचा हे जाणण्यासाठी आम्ही एकदा चिकाटीने शेवटपर्यंत बसलो. जपानी चित्रकारांची नावे गेली, संगीतकाराचे गेले, हिंदी बोलणाऱ्याचे आलेच नाही.

आता तर यंत्र माणसाचा आवाज हुबेहूब काढू लागले आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील नटनट्यांनी ११८ दिवस संप केला, त्यातील एक मागणी ह्याच प्रकारास आळा घालण्याची होती. नटाचा आवाज यंत्रास द्यावयाचा तर त्याची संमती हवी, मोबदला हवा. पण ज्या आवाजापुढे कधी नावच लिहिले गेले नाही, त्याची संमती कोणाच्या दारी जाऊन मागणार? आमच्याकडे भाषांतरित कार्टूनांना आवाज देणाऱ्यांची नावे पात्रवार पडद्यावर यावीत आणि करारातही तशीच लिहिली जावीत, एवढे तरी आपल्या वाहिन्यांकडून मागून घेतले पाहिजे. आणि हे यंत्राचे करार होण्यापूर्वी. आमच्या स्नेह्यांना आम्ही हे सर्व ऐकविले आहे. दोरीच्या दृष्टांतास ते अजून चिकटून आहेत.