उतरलेल्या वजनाची फिर्याद

गेल्या अकरा महिन्यांत माझे वजन सतरा किलोंनी उतरले. ही गोष्ट मला स्वतःच्या तोंडाने सांगावी लागत आहे, हीच माझी फिर्याद.

फराळाचे ताट मांडीवर घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकांनी एवढ्याने दचकून हातातली करंजी खाली ठेवू नये. मी कोणालाही उपाशी राहायला सांगणार नाही. आहारावर बोलणारी माणसे महाराष्ट्रात आता पुरेशी झाली आहेत. २०१८-१९ च्या सुमारास तर घरोघर दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत, दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत उरका. ऋजुता दिवेकर म्हणत, थोडे थोडे, वेळच्या वेळी, आपल्या मातीतले खा. आमच्या शाळेत या वादापायी दोन शिक्षकांनी एकत्र डबा उघडणे सोडले. मी पहिल्या पंथाला लागलो, तेही तत्त्वासाठी नव्हे. दोनदाच जेवायचे हे लक्षात ठेवायला सोपे, म्हणून. शिवाय रोज पहाटे चिखलीच्या बाहेर पाच किलोमीटर चालतो. चौऱ्याण्णवाचा सत्याहत्तर झालो. आणि कोणाच्याही ध्यानात आले नाही.

मी चौऱ्याण्णवाकडे निघालो होतो तेव्हा असे नव्हते. तेव्हा सगळ्या गावाला डोळे होते. एस्.टी.त तिघांच्या बाकावर बसलो की कंडक्टर हसत विचारी, “सर, अर्धं तिकीट जास्त फाडू का?” सासुरवाडीला, म्हणजे घाटाखाली, गेलो की मेहुणा पाटाऐवजी खुर्ची आणी आणि ती टिकेल ना, म्हणून सर्वांसमोर हलवून पाही. मी चित्रकलेचा शिक्षक. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेतली आणि खडू हाती धरला, तो अजून सुटलेला नाही. एकदा नववीच्या वर्गात शिरलो तर फळ्यावर पोरांनी एक रांजण काढून त्याला माझा चष्मा लावलेला. रेषा चांगली होती, म्हणून मी तो तास संपेपर्यंत पुसला नाही. सांगायचा मुद्दा असा की, माझ्या चढत्या वजनाची नोंद सर्वांनी जाहीरपणे, मोठ्या आवाजात आणि फुकट ठेवली. मग उतरत्या वजनाच्या वेळी ही सारी मंडळी मुकी का झाली? नावे ठेवताना ज्यांना संकोच वाटला नाही, त्यांना दाद देतानाच का वाटावा?

थोडा शोध घेतला तेव्हा कळले की पहिला दोष आपल्या भाषेचाच आहे. माणूस जाड झाला की आपण म्हणतो : सुधारला, अंगाने भरला, बाळसे धरले, सुखावला. बारीक झाला की म्हणतो : वाळला, सुकला, रोडावला, खंगला, झडला. आमच्या वऱ्हाडात तर सरळ ‘खराब झाला’ म्हणतात. मेहनतीने आणि राजीखुशीने बारीक झालेल्या माणसाला शाबासकी द्यायला सबंध मराठीत चालता-बोलता शब्द सापडत नाही. ‘फिट’ हा उसना आणावा लागतो. शब्दच नाही तर तोंड उघडणार कशाने?

आणि हे शब्द उगाच झालेले नाहीत. माझी आई मेहकरकडच्या खेड्यात असते. मी दोन महिन्यांनी गेलो तेव्हा पाय धुवायला पाणी देऊन तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तो हात तिथेच थांबला. मला वाटले, आले! आता ही म्हणणार, किती छान दिसतोस. आई म्हणाली, “खरं सांग मले. करज झालं का काही?”

१९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. दुष्काळी कामावर आजीबरोबर खडी फोडायला जाई. तिथे मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो यांवर घर जगले. माणूस बारीक होतो तो कशाने, हे तिने पोटाने शिकून घेतले आहे. त्यानंतर या जिल्ह्यात कापूस-सोयाबीनच्या भावाने आणि सावकाराच्या वहीने कितीक उमदी माणसे झडताना तिने पाहिली. त्यांतली काही पुढे दिसलीच नाहीत. तिचा प्रश्न ऐकून त्या दिवशी मी हसलो. आज मला वाटते, त्या अकरा महिन्यांत कोणी मला विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न तोच.

बाकीच्यांची बाजूही मांडतो, नाही तर फिर्याद एकतर्फी होईल. सतरा किलो अकरा महिन्यांत, म्हणजे दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम. एका कोंबडीच्या अंड्याएवढे. काल शाळेत आलेल्या माझ्यातून आज एक अंडे कमी झाले, हे रोज पाहणाऱ्याला कसे दिसावे? डोळ्याला वस्तू दिसत नाही, फरक दिसतो. हे मीच पोरांना छायाप्रकाश शिकवताना सांगतो. त्यात मी सदरे जुनेच घालत होतो. शिंप्याच्या ध्यानात आले खरे, पण त्याच्या गळ्यात टेप होती. त्याने पाहिले नाही, मोजले.

एकाएकी झालेल्या गोष्टी मात्र आमच्या जिल्ह्यात साऱ्या देशाला दिसतात. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटून क्षार वाढले आणि क्षारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, असा निर्वाळा पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेने दिला. पण त्याआधीच छायाचित्रे जगभर पोचली होती. २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून माणसांचे केस तीनचार दिवसांत हातात येऊ लागले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीहून पथके आली, पाणी तपासले, रक्त तपासले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. केस गेले ते देशाने पाहिले, हे बरेच झाले. पण सावकाश जाणाऱ्या गोष्टींसाठी पथक येत नाही. त्यासाठी शेजारीच लागतो, आणि माझे भांडण त्या शेजाऱ्याशी आहे.

या शेजाऱ्याला गप्प बसायला दोन प्रकारचे शहाणे शिकवतात.

पहिले आमचे एक विद्वान सहकारी. मी माझे दुःख त्यांच्या कानावर घातले, तर त्यांनी गीता काढली. “कर्म करावे, फळाची आशा धरू नये. तुम्ही वजन स्वतःसाठी उतरवले की लोकांसाठी?” मी म्हणालो, दोघांसाठी. त्यात लाजण्यासारखे काय आहे? अंगणात रांगोळी काढणारी बाई ती घराच्या आत का काढत नाही? पहिलवान दार लावून कुस्ती खेळतो काय? माझ्या तीन कादंबऱ्या छापून झाल्या आहेत. मी केवळ स्वतःच्या आनंदासाठी लिहितो असे म्हणणाऱ्या लेखकाच्या घरी मी गेलो आहे, आणि त्याच्या कपाटात परीक्षणांची कात्रणे तारीखवार लावलेली पाहिली आहेत. हे सहकारीही दर पंधरा ऑगस्टला भाषण झाल्यावर “कसे झाले?” असे विचारीत स्टाफरूमभर फिरतात. माणसाने केलेले माणसाने पाहावे, ही इच्छा अहंकाराची असेल तर मुलाच्या हातातली कोरी पाटीच तेवढी निरहंकारी म्हणायची.

दुसरा शहाणा माझा पुतण्या. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. सुटीत आला, चार दिवस राहिला, माझ्या समोर बसून जेवला, आणि अवाक्षर बोलला नाही. शेवटी मीच विचारले. तो म्हणाला, “काका, दिसलं ना. पण कोणाच्याही शरीरावर बोलायचं नसतं. असभ्य समजतात आता ते.”

हा मात्र विचार करण्यासारखा आक्षेप आहे. ‘ढोली’ हे नाव ऐकून एका मुलीने नववीत डबा आणणे बंद केले होते. ते मी पाहिले आहे, आणि रांजणाच्या चित्राला मी हसलो असलो तरी घरी जाऊन आरशासमोर उभा राहिलो होतो, हेही इथे कबूल करतो. टिंगल थांबलीच पाहिजे. पण टिंगल थांबवण्यासाठी पाहणेच थांबवावे, हा कुठला न्याय? गावात चोऱ्या होतात म्हणून कोणी दिवे मालवीत नाही. पुण्याच्या कंपनीत, जिथे प्रत्येकाचा विमा आहे आणि वर्षातून एकदा रक्त तपासले जाते, तिथे ही सभ्यता परवडत असेल. आमच्याकडे अंगणवाडीची सेविका मूल सहा वर्षांचे होईपर्यंत महिन्याच्या महिन्याला त्याला काट्यावर घालते, तक्त्यावर टिंब देते. सहाव्या वर्षानंतर त्या माणसाचे टिंब कोणी द्यायचे? घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच ना? त्यांनीही सभ्यपणे मान खाली घातली तर?

मी हे इतक्या जोराने का म्हणतो, ते आता सांगतो. सांगताना माझीच बाजू पडते, पण सांगतो.

माझे वजन उतरलेले पाहणारा एक माणूस निघाला. आमच्या शाळेचा शिपाई. आम्ही सारे त्यांना मामा म्हणतो. होळीच्या आठवड्यात घंटेजवळ त्यांनी मला थांबवले. “सर, पट्ट्याले नवे भोकं पाडले का? तीन दिसून राहिले.” मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी त्यांना तिथेच अर्धा तास उभे केले. भाकरी किती, भात किती, पहाटे किती वाजता उठतो, पहिले पाच किलो कसे झटपट गेले आणि पुढचे कसे अडून बसले, सगळे सांगितले. मामा भिंतीला टेकून ऐकत होते. मधून मधून खोकत होते. मला त्या खोकल्याचा राग आला, कारण माझ्या सांगण्यात खंड पडत होता.

तीन आठवड्यांनी ते सरकारी दवाखान्यात होते. क्षय. वजन पंचेचाळीस किलो. भेटायला गेलो तेव्हा खुंटीवर त्यांची खाकी पँट टांगलेली होती, आणि तिच्या कमरेच्या पट्ट्यांतून सुतळी ओवलेली होती. ती सुतळी काही त्या दिवशी ओवलेली नव्हती. घंटेजवळही ती असलीच पाहिजे. माझ्या पट्ट्याची भोके त्यांना दिसली. त्यांची सुतळी मला दिसली नाही. आणि मी चित्रकला शिकवतो.

दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता होता : दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजनात घट. असलाच तक्ता आमच्या शाळेत ऑफिसबाहेर लावलेला आहे. त्याचे खिळे मामांनीच ठोकले होते.

या रोगात वजन ही वरवरची गोष्ट नव्हे. गोळ्या किती घ्यायच्या ते वजनावर ठरते. पस्तीस ते एकोणपन्नास किलोंच्या माणसाला रोज तीन. पन्नासच्या पुढे गेला की चार. झारखंडात डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी क्षयरोग्यांना औषधाबरोबर धान्य देऊन पाहिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात असे आहे की, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा पाच वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका शेकडा साठाने कमी झाला. मामांच्या हिशेबात शेकडा पाच म्हणजे सव्वादोन किलो. सरकार पोषणासाठी महिना हजार रुपये देते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी पाचशेच देत असे. हजारात तूरडाळ, शेंगदाणे आणि अंडी किती येतात, याचा हिशेब गृहिणींनी घालावा. आम्ही शिक्षकांनी मग वर्गणी काढून अंड्यांचा रतीब लावला. गीतावाले सहकारी त्यात सर्वांत आधी होते, हे लिहिले नाही तर अन्याय होईल.

यंदा पोळ्याला मामांनी मला घरी जेवायला बोलावले. त्यांचा बैल नाही. शेजाऱ्याच्या बैलाला ओवाळून त्यांची बायको आत गेली होती. मामा ओट्यावर बसले होते, नवा शर्ट घालून, आणि मी चपला काढत असताना माझ्याकडे असे पाहत होते की ती नजर मी ओळखली. गेले वर्षभर तीच नजर घेऊन मी गावभर हिंडलो होतो.

मी म्हणालो, “मामा, गाल भरले तुमचे. पन्नासच्या वर गेले काय?”

“एक्कावन्न!” मामा म्हणाले, आणि आतल्या दिशेने ओरडले, “ऐकलं का वो? सरांनी वळखलं! मी काहीच बोललो नव्हतो!” मग खिशातून गोळ्यांचे पाकीट काढून त्यांनी माझ्यापुढे धरले. तीनच्या चार झाल्या होत्या. औषध वाढल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

ताटात तीन पुरणपोळ्या आल्या, वर तुपाची धार. माझी जेवायची वेळ नव्हती. दुपारचे जेवण आधीच झाले होते. मी तसे म्हणायला तोंड उघडले. मामांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

“बसा सर,” ते म्हणाले. “आता लयच खराब झाले तुम्ही.”