हरकतींची मुदत

निविदा, हरवलेली भागपत्रे आणि नावात केलेले बदल यांच्या जाहिरातींच्या दाटीत, वर्तमानपत्राच्या आतल्या एखाद्या पानावर, महानगरपालिकेचे एक जाहीर प्रकटन अधूनमधून छापलेले असते. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा, ‘मंजूर विकास आराखड्यातील फेरबदल’ आणि शेवटी एक महिन्याच्या आत लेखी हरकती व सूचना सादर करण्याचे आवाहन असा त्याचा ठरलेला मजकूर असतो. आणि अग्रलेख बारकाईने वाचणारा, दिल्लीच्या राजकारणावर तासन्‌तास मतप्रदर्शन करणारा आपला सुशिक्षित नागरिक त्या चौकोनाकडे ढुंकूनही न पाहता पान उलटतो. त्याच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर पुढेमागे बाग होणार की वाहनतळासह अठरा मजले चढणार, वस्तीतल्या प्रसूतिगृहाची जागा प्रसूतिगृहासाठीच राहणार की दुकानांच्या गाळ्यांना जाणार, याचा निकाल बहुधा त्या चौकोनातच लागत असतो. आणि यंत्रे येऊन उभी राहिल्यावर हा नागरिक जेव्हा संतापाने ‘आम्हांला कोणी विचारलेच नाही’ म्हणतो, तेव्हा कचेरीतला कारकून दप्तरातून तेच कात्रण काढून शांतपणे त्याच्यापुढे ठेवतो.

हा चौकोन नेमाने वाचणारी, कात्रण कापून त्यावर तारीख घालणारी, नकाशाची प्रत मागण्यासाठी शुल्क भरून पावती जपणारी काही माणसे मात्र प्रत्येक मोठ्या शहरात असतात. कोणी सेवानिवृत्त अभियंता असतो, कोणी शिक्षिका, कोणी वास्तुरचनाकार, कोणी पहाटे टेकडी चढण्यापलीकडे सार्वजनिक जीवनाशी संबंध न आलेली गृहिणी. त्यांच्या गळ्यात कोणी हार घालत नाही; त्यांना येताना पाहून नगररचना विभागाच्या दाराशी बसलेल्या शिपायाच्या चेहऱ्यावर ‘आले पुन्हा’ हे अक्षरशः वाचता येते. तरीही शहर निरोगी आणि राहण्याजोगे राखण्याच्या कामात मोर्चे, मानवी साखळ्या आणि मेणबत्त्या यांच्याहून या माणसांच्या अर्जांचे मोल अधिक आहे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे. मोर्चाला वृत्तपत्रात छायाचित्र मिळते, अर्जाला आवक क्रमांक मिळतो. आणि पुढे न्यायालयाच्या पायरीपर्यंत प्रकरण गेलेच, तर उपयोगी पडतो तो आवक क्रमांक.

ही रीत आपल्याकडे कोणी बाहेरून आणलेली नाही. पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली, तिचे निमित्त पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीचा लोकांचा असंतोष हे होते. सरकारदरबारी गाऱ्हाणे न्यायचे तर ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता’ हा प्रश्न प्रथम येणार हे ओळखून गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे मिळवली आणि त्यांच्या बळावर ९५ प्रतिनिधींची सभा उभी केली. ‘सार्वजनिक काका’ या नावाने लोक ज्यांना ओळखू लागले, त्या गृहस्थांनी वक्तृत्वाआधी कागद पुरा केला, ही गोष्ट आजच्या उतावीळ कार्यकर्त्यांनी मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे.

आज हा कागद ज्या कायद्याच्या आधारे दाखल होतो, तो १९६६ सालचा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी करावयाचा, त्यात रस्ते, शाळा, दवाखाने, मंडया, क्रीडांगणे, उद्याने, स्मशाने यांसाठी जागा राखून ठेवावयाच्या, प्रारूप प्रसिद्ध करून जनतेच्या हरकती मागवावयाच्या, स्थायी समितीचे तीन सभासद आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार अशा समितीने त्यांची सुनावणी करावयाची आणि मग शासनाने अंतिम मंजुरी द्यावयाची, असा त्याचा एकंदर क्रम आहे. आरोग्याचा विचार करताना आपली दृष्टी रुग्णालयाच्या खाटांवर खिळते; परंतु मुलाला धावायला जागा आहे काय, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून बाकावर बसता येते काय, पावसाचे पाणी मुरायला माती उरली आहे काय, या गोष्टी डॉक्टरांच्या हाती नसून आराखड्यावर हिरवा, पिवळा किंवा तांबडा रंग भरणाऱ्याच्या हाती आहेत.

या अर्जांत सामर्थ्य किती असते, हे मुंबईने २०१५ साली पाहिले. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत महानगरपालिकेने २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. त्यात चटईक्षेत्र निर्देशांक काही ठिकाणी आठपर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता, आरेच्या हिरव्या पट्ट्यात विकासाला वाट करून दिलेली होती, आणि नकाशाची पत्रके जसजशी लोकांच्या हाती पडू लागली तसतशी त्यातली अनवधाने एकेक उघडी होऊ लागली: उभ्या असलेल्या वारसा वास्तूंचा पत्ता नाही, प्रार्थनास्थळांवरून रस्ते आखलेले. कोणी आपली शाळा शोधली, कोणी आपली गल्ली, कोणी आपला कोळीवाडा; आणि शोधून न सापडल्यावर प्रत्येकाने लिहिले. साठ हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या आणि एप्रिलमध्ये, मुदत संपण्याच्या सुमारास, तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करण्याचा आदेश दिला. एवढ्या मोठ्या महानगराचा, कित्येक वर्षांच्या खर्चाने व श्रमाने सिद्ध झालेला दस्तऐवज सामान्य नागरिकांनी स्वतःच्या गल्लीचा नकाशा तपासून पाहिल्यामुळे मागे घ्यावा लागला. सुधारलेला आराखडा २०१८ साली मंजूर झाला. तो निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही, पण पहिल्यापेक्षा अधिक वाचला गेलेला आहे एवढे निश्चित.

पुण्याची कथा याहून लांबट आणि, पुण्याच्या प्रकृतीला साजेशी, वादग्रस्त आहे. जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळाचा प्रारूप आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हरकतींची संख्या ८७,००० च्या घरात गेली. सुनावण्या महिनोन्‌महिने चालल्या. पुढे मार्च २०१५ मध्ये शासनाने आराखडा महानगरपालिकेच्या हातून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षे मंजुरीच्या वाटेवरच सरली होती. याच शहरात, १९९७ साली हद्दीत आलेल्या गावांपैकी जी तेवीस अखेर राहिली, त्यांच्या टेकड्या व डोंगरउतार मिळून सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यान म्हणून राखावे, यासाठी नागरिक वर्षानुवर्षे झगडत राहिले. २०१५ साली शासनाने ते आरक्षण मान्य केले, तेव्हा पहिल्या अर्जावर सह्या करणारांपैकी कित्येकांचे केस पांढरे झाले होते. टेकडी बांधकामापासून वाचली तरी रस्त्यापासून वाचतेच असे नाही, हे पुण्यातल्याच वेताळ टेकडीवरून आखलेल्या रस्त्याच्या वादात २०२३ साली पुन्हा दिसून आले, हा भाग निराळा.

येथवर वाचून एखाद्याची समजूत होईल की आरक्षण पडले म्हणजे काम झाले. खरी मेख पुढेच आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १२७ अन्वये, आरक्षित जागा दहा वर्षांत संपादन झाली नाही तर मालकाने खरेदी-सूचना बजावावी, आणि तिच्यानंतरच्या ठरीव मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत झाले असे मानावे, अशी तरतूद आहे. मालकाची जमीन सरकारने अनंतकाळ अडकवून ठेवू नये, हे न्यायाचेच आहे; त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. परंतु ही सूचना महानगरपालिकेत दाखल होते, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, निधी नाही असा शेरा पडतो, कोणी अधिकारी बदलून जातो, कोणी रजेवर असतो, आणि एके दिवशी मुदत टळून गेलेली असते. वस्तीचे क्रीडांगण गेले ते कोणी हिसकावून घेतल्यामुळे नव्हे, कोणी फाईल उघडली नाही म्हणून. या कलमाखाली आलेल्या खरेदी-सूचनांची यादी दर महिन्याला क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावणे काही अशक्य नाही. ती लागली असती तर कितीतरी बागांचा अकाली अंत टळला असता, आणि काही टेबलांची मोठी गैरसोय झाली असती.

विकासाला विरोध करणारे रिकामटेकडे, असा शिक्का या मंडळींवर मारण्याची प्रथा आहे. तिच्याविषयी फारसे लिहिण्याची आवश्यकता नाही. ज्यांचा रोजगार फाईल पुढे सरकण्यावर अवलंबून आहे, त्यांना फाईल वाचणारा माणूस रिकामटेकडा वाटावा हे स्वाभाविक आहे. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उत्तर देणे अवघड आहे. ज्याला नकाशा वाचता येतो, ज्याला दुपारी तीन वाजता सुनावणीस हजर राहता येते, ज्याची भाषा कचेरीच्या भाषेशी जुळते, त्याचीच हरकत नोंदली जाते. झोपडवस्तीतल्या बाईला आपल्या वस्तीत दवाखाना हवा असतो. पण आराखड्यावर तिची वस्ती म्हणजे एक रंगवलेला डाग, त्यात गल्ल्या नाहीत, नळकोंडाळी नाहीत, अंगणवाडी नाही. मुंबईच्या कोळीवाड्यांना आपल्या हद्दी नकाशावर उमटवून घेण्यासाठीच केवढा आटापिटा करावा लागला! शिवाय हरकतीचा अर्ज काही केवळ सज्जनांसाठी राखलेला नाही. माझ्या जागेवरचे बागेचे आरक्षण उठवा असे म्हणणारा जमीनमालकही त्याच नमुन्यात अर्ज भरतो, आणि त्याच्याबरोबर वकील असतो, वास्तुविशारद असतो, प्रसंगी नगरसेवकही असतो. हरकतींची संख्या मोजून लोकेच्छा ठरवू पाहणाऱ्याने एवढे तरी पाहावे.

आणि सर्व कागद पुरे असूनही व्हायचे ते होते, असेही प्रसंग आहेत. मुंबईच्या आरे वसाहतीतील मेट्रोच्या कारशेडसाठीच्या वृक्षतोडीवर हजारो हरकती आल्या होत्या. तरी ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस वृक्ष प्राधिकरणाने परवानगी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. एका विधी-विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. ज्यांनी मुदतीत, नियमाप्रमाणे, सविस्तर कारणे देऊन लिहिले होते, त्यांना पुढच्या खेपेस ‘अर्ज करा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे, हे मला अद्याप सुचलेले नाही.

मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार पाहत राहिले. म्हणजे प्रस्ताव करणारा, हरकत ऐकणारा आणि निर्णय देणारा एकाच इमारतीच्या एकाच मजल्यावर बसू लागला. क्षेत्रसभेची तरतूद राज्याने २००९ सालीच कायद्यात घातलेली आहे. आपल्या प्रभागाची क्षेत्रसभा भरलेली पाहिली, असे सांगणारा वाचक मला अद्याप भेटावयाचा आहे. या मोठ्या प्रश्नांची उत्तरे विधिमंडळाकडून येतील तेव्हा येतील. तोवर एक लहानशी मागणी करता येण्याजोगी आहे.

आज सुनावणीस गेलेल्या माणसाचा अनुभव बहुधा असा असतो की क्रमांक पुकारला जातो, दोनचार मिनिटे बोलू दिले जाते, समोरचा अधिकारी काहीतरी लिहून घेतो, ‘आपले म्हणणे नोंदवले’ असे सांगतो, आणि पुढे आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा आपली जागा शोधून पाहावी. आपले म्हणणे का अमान्य झाले, याचा एक शब्दही अर्जदाराला लेखी कळवण्याचा प्रघात नाही. तो पाडावा. प्रत्येक हरकतीपुढे मान्य, अंशतः मान्य अथवा अमान्य, आणि अमान्य असल्यास त्याची कारणे चार ओळींत, मराठीत, सही-शिक्क्यानिशी, आराखडा शासनाकडे रवाना होण्यापूर्वी अर्जदाराच्या पत्त्यावर धाडावीत. सत्याऐंशी हजार उत्तरे कोण लिहिणार, असे विचारले जाईल. सत्याऐंशी हजार अर्जांपैकी बरेचसे एकाच मजकुराचे असतात, हे कचेरीला अर्जदारांपेक्षा चांगले ठाऊक आहे. आणि कारण लिहावे लागणार म्हटल्यावर काही प्रस्ताव आपोआपच मागे पडतील. यासाठी अधिनियमाला हात लावण्याचे कारण नाही. आयुक्तांच्या सहीचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

— नगरवासी