आधी टायरची जागा बघा

रोड बाइक घ्यायला दुकानात गेलेला माणूस सगळ्यात आधी सायकल उचलून बघतो. मग फ्रेम कार्बनची की ॲल्युमिनियमची, गिअर किती, हे विचारतो. दुकानदारही तिथूनच सुरुवात करतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पुण्यात वारज्याहून शिवाजीनगरला कामावर सायकलनं जाते. कामावर जाण्यासाठी आणि तब्येतीसाठी पहिली रोड बाइक घेणाऱ्यानं, माझ्या मते, आधी वाकून मागचा टायर आणि फ्रेम यांच्यामधली जागा बघावी. तिथे ३२ मिलिमीटरचा टायर आणि त्यावर मडगार्ड मावत नसेल, तर ती सायकल रोजच्या वापराची नाही. मग ती कितीही हलकी असो.

माझ्याकडे येणाऱ्या नव्या सायकलस्वारांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मान धरते, गुडघा पुढच्या बाजूनं दुखतो. बोटं बधिर होतात ती करंगळीच्या बाजूनं तळहातात उतरणाऱ्या अल्नर नसेवर दाब आल्यामुळे. हँडलवर अंगाचा भार जास्त पडला की ती दबते आणि रस्त्याचे हादरे त्यात भर घालतात. २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ९०-१०० पीएसआय हवा ठेवावी लागते. कमी ठेवली, तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि पंक्चर होते. ३२ च्या टायरमध्ये साठ-पासष्ट किलोच्या माणसाला ५५ ते ६५ पीएसआय पुरते. त्या दोन आकड्यांमधला फरक थेट मनगटाला कळतो.

टणक टायर जास्त पळतो, हा समज आता शर्यतीतल्या लोकांनीही सोडला आहे. टूर द फ्रान्समध्ये एके काळी २३ मिलिमीटरचे टायर सर्रास असायचे. आता २८ ते ३० चे दिसतात. तेही आपल्यापेक्षा कितीतरी गुळगुळीत रस्त्यांवर. खडबडीत डांबरावर टणक टायर उसळत राहतो आणि पायांची ताकद त्या उसळण्यात वाया जाते. शिवाय काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली लांब फट, पावसाळी गटारावरची रस्त्याला समांतर बसवलेली जाळी, सुटलेले पेव्हर ब्लॉक या गोष्टी पुण्यात चुकवू म्हणून चुकत नाहीत. शेजारून पीएमपीची बस चाललेली असताना बारीक चाक अशा फटीत गेलं तर काय होतं, ते मी उपचारांच्या टेबलावर पाहिलेलं आहे.

जागेचा दुसरा उपयोग जूनमध्ये समजतो. मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो आणि माणूस कामावर सायकल नेणं सोडतो. महाराष्ट्रात पावसाचे चार महिने सायकल बंद ठेवायची असेल, तर तिला कामावर जायचं साधन कसं म्हणायचं? म्हणून फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकं आहेत का, हे बघून घ्यावं. लॅपटॉप, डबा आणि कपड्यांचा जोड पाठीवर घेऊन वाकून बसलं की मान आणि खांदे तक्रार करणारच. तेच ओझं कॅरिअरच्या बाजूला अडकवलं की पाठ मोकळी राहते, घामही कमी येतो. पावसासाठी ब्रेक डिस्कचे घ्यावेत. रिम ब्रेक भिजलेल्या रिमवर पहिल्या क्षणी पकडतच नाहीत. केबलवर चालणारे डिस्क ब्रेक साध्या सायकलवाल्यालाही दुरुस्त करता येतात, ही मोठी सोय आहे.

गिअर किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता, ते विचारावं. पुढचं लहान चक्र ३४ दात्यांचं आणि मागचं मोठं २५ चं असेल, तर मिनिटाला पायडलच्या ८० फेऱ्या मारण्यासाठी ताशी सुमारे १४ किलोमीटरचा वेग लागतो. मागे ३२ दाते असतील, तर तेवढ्याच फेऱ्यांना ११ पुरतो. कात्रजच्या जुन्या घाटात नवा माणूस १४ चा वेग टिकवू शकत नाही. मग तो जड गिअर रेटतो, फेऱ्या मंदावतात आणि गुडघ्याच्या वाटीखाली दाब वाढतो. शिमानो कंपनीच्या गिअरसंचांत क्लॅरिस म्हणजे मागे आठ चक्रं, सोरा म्हणजे नऊ. पहिल्या सायकलीला यातलं काहीही चालेल, मागे ३२ असल्याशी मतलब.

माप हा विषय मात्र घाईनं उरकायचा नाही, विशेषतः बायकांनी. पाच फूट दोन इंचांच्या मुलीला ‘सीट पुढे घेऊन देतो, बसेल बरोबर’ असं सांगून मोठी फ्रेम दिली जाते, तेव्हा मला राग येतो. सीटची जागा गुडघ्यासाठी ठरवायची असते, हँडल गाठण्यासाठी नाही. पायडल खाली असताना टाच टेकवून पाय सरळ होतो का, ते बघून उंची ठरवावी. मग ब्रेकच्या दांड्यांवरच्या रबरी हूडवर हात ठेवून कोपर थोडं वाकतं का आणि ब्रेकचा दांडा बोटांच्या टोकांनी नव्हे, मधल्या पेरांनी पकडता येतो का, हे पाहावं. बऱ्याच दांड्यांना ते अंतर कमी करायचा स्क्रू असतो. तो फिरवून द्या म्हणून हक्कानं सांगावं.

मग सरळ हँडलची हायब्रिड सायकल का नको, असं लोक विचारतात. छोट्या अंतराला ती जरूर घ्यावी. पण दहा-बारा किलोमीटरच्या पुढे, समोरून वारा असताना, वाकलेल्या हँडलवर हात ठेवायला तीन जागा मिळतात. त्यामुळे अल्नर नसेवर सारखा दाब येत नाही. शिवाय रोड बाइकवर माणसाला लांब जावंसं वाटतं. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास असा पाच दिवसांचा प्रवास त्याच्या दुप्पट भरतो, आणि त्यासाठी पहाटेचा गजर लावावा लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे कार्बनच्या नादात घालवू नयेत. हेल्मेट, पुढे-मागे दिवे, चांगलं कुलूप आणि व्हॉल्व्हला लावायचं छोटं पितळी ॲडॉप्टर घ्यावं. रोड बाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याची नळी बसत नाही.

दुकानदारांकडेही एक मागणी आहे. किमतीच्या चिठ्ठीवर गिअरांची संख्या लिहिता, तशा आणखी तीन गोष्टी लिहा: जास्तीत जास्त किती रुंदीचा टायर मावतो, मडगार्ड-कॅरिअरची भोकं आहेत की नाही आणि सर्वांत हलका गिअर कोणता. आणि गिऱ्हाइकाला त्याच्या ऑफिसच्या बॅगेसकट बाहेरच्या रस्त्यावर पंधरा मिनिटं सायकल चालवू द्या. रस्ता असा निवडा, की त्यावर निदान एक चढ आणि दोन गतिरोधक असतील.