उणे नऊचं वर्गमूळ विचारा

युरोपच्या एरियान ५ प्रक्षेपकाचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून झालं. चाळीस सेकंदांच्या आतच तो वाकडा झाला, तुटू लागला आणि त्याच्याच स्वयंनाश यंत्रणेने त्याला आकाशात उडवून दिलं. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही गेले. इंजिनात काही बिघाड नव्हता. घात केला एका आकड्याने.

दिशादर्शक संगणकाला आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती. तिथे ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. एरियान ४ वर तशी वेळ कधी आली नाही. एरियान ५ चा आडवा वेग कितीतरी जास्त, कोड मात्र जुनाच उचललेला. आकडा मावेना, तेव्हा संगणकाने चूक नोंदवली आणि ठरल्याप्रमाणे कामच थांबवलं. जोडीला राखीव संगणक होता, पण त्यातही तोच प्रोग्रॅम. तो तर क्षणभर आधीच बंद पडलेला. उड्डाण चालवणाऱ्या मुख्य संगणकाकडे पोचली ती दिशादर्शकाच्या बिघाडाची नोंद. त्याने तीच उड्डाणाची माहिती समजून नोझल पार वळवली. वर कडी म्हणजे, एरियान ५ ला उड्डाणानंतर या गणिताची गरजच नव्हती.

धोका कुणाला दिसला नव्हता, असंही नाही. अशा सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून तीन उघडी सोडली. गणितज्ञ झाक-लुई लिआँस यांच्या चौकशी समितीने हे सगळं मांडलं. नव्या मार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा कुणी तपासलीच नव्हती.

म्हणजे उड्डाणात संगणकाने चूक पकडली होती. पकडल्यावर काय करायचं, ते चुकलं. आजही वर्गमूळाच्या फंक्शनची युनिट टेस्ट, म्हणजे प्रोग्रॅमच्या तेवढ्या भागाची चाचणी, लिहिताना ९ देतात, ३ आले की हिरवी खूण आणि पुढचं काम. उणे ९ दिले तर? प्रोग्रॅमिंगची पायथन भाषा तिथल्या तिथे चूक दाखवून थांबते. जावास्क्रिप्ट मात्र हूं की चूं न करता ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’ असं मूल्य पुढे सरकवते. त्यात काहीही मिळवा, नॅनच उरतो. आणि तो मर्यादेपेक्षा मोठा आहे का, असं प्रोग्रॅमने विचारलं की उत्तर येतं ‘नाही’. पगाराचं वा वीजबिलाचं सॉफ्टवेअर ताब्यात घेणाऱ्या कार्यालयांनी कंत्राटदाराकडे नुसत्या हिरव्या खुणा मोजत बसू नये. चुकीचे आकडे दिलेल्या टेस्ट आधी मागाव्यात.