टूथपेस्टमधले फ्लोराइड आणि भरलेली चूळ

दातांवरचा प्लाक निघतो तो मुख्यतः ब्रशच्या केसांनी. नीट फिरवलेला ब्रश पेस्टशिवायही हे काम करतो. पेस्टमधील घर्षक डाग काढतात आणि फेसामुळे तोंड स्वच्छ वाटते, पण पेस्टचे खरे काम फ्लोराइड दातांपर्यंत पोचवणे हेच आहे. दवाखान्यातल्या सल्ल्यात मात्र ब्रँडचे नाव आधी येते आणि फ्लोराइड क्वचितच.

प्लाकमधील स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील हायड्रॉक्सीॲपेटाइट विरघळू लागते. लाळेमुळे पीएच पुन्हा चढतो आणि कॅल्शियम व फॉस्फेट परत बसू लागतात. त्या वेळी दाताभोवती थोडे जरी फ्लोराइड असले तरी ही भरपाई वेगाने होते, आणि नव्याने बसलेले खनिज आम्लाला सहजी दाद देत नाही. म्हणून घासतानाच्या दोन मिनिटांपेक्षा नंतर लाळेत आणि प्लाकमध्ये काय रेंगाळते, याला महत्त्व अधिक.

त्यासाठी ट्यूबमधले फ्लोराइड मोकळे राहायला हवे, आणि सुरुवातीच्या पेस्ट नेमक्या इथेच फसल्या. घर्षक म्हणून घातलेल्या खडूतील कॅल्शियमशी फ्लोराइडचा संयोग होई आणि ते ट्यूबमध्येच निकामी ठरे. अमेरिकेत १९५५ मध्ये आलेल्या क्रेस्ट या पेस्टने स्टॅनस फ्लोराइडला कॅल्शियम पायरोफॉस्फेटची जोड दिली. १९६० मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने तिला मान्यता दिली. पुढे सोडियम फ्लोराइडसाठी सिलिका हा घर्षक रूढ झाला. स्वस्त खडूच ठेवायचा तर सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात. त्यातले फ्लोराइड तोंडातील फॉस्फटेज विकरे सुटे करतात. भारतातील नेहमीच्या पांढऱ्या पेस्ट बहुधा याच जातीच्या. त्यांतही उष्णतेने आणि काळाने मोकळे फ्लोराइड घटत जाते, तेव्हा मुदत उलटलेली ट्यूब बाजूला ठेवायला सांगणे हा काटेकोरपणाचा अतिरेक नव्हे. भारतीय नियमांनुसार फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम असून प्रमाण व मुदत वेष्टनावर छापावी लागते. वनौषधींच्या नावाने खपणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच.

एवढे करून तोंडात आलेले फ्लोराइड खळखळून भरलेल्या चुळांबरोबर मोरीत जाते. फेस थुंकावा आणि चूळ भरू नये, हे सांगायला अर्धे मिनिट पुरते. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीविरुद्ध असल्याने ते प्रत्येक भेटीत सांगावे लागते. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश लिहून दिला असेल तर तो घासल्यानंतर निदान अर्ध्या तासाने घ्यावा. पेस्टमधील सोडियम लॉरिल सल्फेटमुळे त्याचा परिणाम मंदावतो.

मशेरीबद्दल, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूबद्दल, रुग्णाला वेगळे विचारावे लागते. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि पेस्टवर १९९२ मध्ये बंदी आली, तरी घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला ती लागू पडत नाही. ‘पेस्ट कोणती वापरता?’ या प्रश्नाला ब्रँडचे नाव सांगणारी बाई दिवसातून तीनदा मशेरी लावत असू शकते.

लहान मुले पेस्ट गिळतात, म्हणून त्यांच्या बाबतीत मात्रा पाहावी: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि तीही मोठ्यांनी ब्रशवर घालून द्यावी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे आधी पिण्याच्या पाण्याचा स्रोत विचारावा आणि मग मुलासाठी पेस्ट ठरवावी.