अपलेखनाची सही

सिनेमासारख्या करमणुकीला संग्रहालय कशाला हवे, असे विचारणाऱ्यांत एके काळी मीही होतो. मुंबईच्या पेडर रोडवरील भारतीय सिनेमाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन १९ जानेवारी २०१९ रोजी झाले. मी ते अलीकडे प्रथमच पाहिले आणि हा प्रश्न विचारण्याचा माझा अधिकार संपला.

गुलशन महाल या एकोणिसाव्या शतकातील वास्तूत आणि तिच्या शेजारच्या नव्या इमारतीत फाळक्यांपासूनचा इतिहास मांडला आहे. जुन्या कॅमेऱ्यांपुढून व प्रक्षेपकांपुढून जाताना मात्र माझे पाय अडखळले. सेवेत असताना एका जिल्हा कार्यालयात मी असाच एक १६ मिमीचा प्रक्षेपक आणि माहितीपटांचे डबे ‘अनुपयोगी’ ठरवून त्यांच्या अपलेखनावर सही केली होती. माळव्यातल्या गावोगावी, पिंपळाखाली पडदा बांधून ज्याने पहिले चलच्चित्र दाखवले, तो प्रक्षेपक भंगाराच्या भावाने गेला. डब्यांत काय होते, हे उघडून पाहण्याची तसदीही मी घेतली नाही. नियम मी पाळले होते. बुद्धी तेवढी वापरली नव्हती.

आमचे काही मित्र म्हणतात, जतन करणे हे राष्ट्रीय संस्थांचे काम. आपण सामान्यांनी त्यात का पडावे? हा युक्तिवाद मला मान्य नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर मूकपटांची वाताहत होऊन गेली होती. आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट निघाले; आज जेमतेम तीसच्या आसपास, तेही पुष्कळसे खंडित, हाती आहेत. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. हे कोणा परचक्राने केले नाही. कुठे फिती चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या, कुठे उष्म्याने व आगीने नष्ट झाल्या, आणि कुठे माझ्यासारख्याच्या सहीने निकालात निघाल्या.

शिवाय राष्ट्रीय संस्था सांभाळणार ते राष्ट्राच्या नजरेत भरलेले. देवासच्या कुमार गंधर्वांवर जब्बार पटेलांचा ‘हंस अकेला’ आहे, हे आपले भाग्य. परंतु धार-देवासच्या गणेशोत्सवांतील नाटके, व्याख्याने, लग्नकार्ये ज्या व्हिडिओ कॅसेटींवर उतरली, त्या कोण सांभाळणार? माळव्यातले मराठी कसे बोलले जात होते, त्यात हिंदीचा आणि माळवीचा सूर कुठे मिसळत होता, याचा जिवंत पुरावा त्या फितींत आहे. धारला फडके स्टुडिओत रघुनाथ कृष्ण फडक्यांची शिल्पे अजून पाहता येतात, कारण शिल्प काही काळ उपेक्षा सोसते. फीत सोसत नाही. ॲसिटेटच्या फितीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला, की तिचा क्षय सुरू झाला असे समजावे. कॅसेट शाबूत राहिली, तरी ती चालवणारे यंत्र दुर्मिळ होत चालले आहे.

‘आता सगळे मोबाइलवर आहे’ हे उत्तरही फसवे आहे. जे कोणीतरी चढवले, तेवढेच तिथे आहे. माळ्यावरच्या पेटीतले आपोआप तिथे जात नाही.

म्हणून आपल्या मंडळाला माझे सांगणे आहे. पुढच्या वर्षी एक सत्कार समारंभ कमी करावा. त्या पैशांत एक कोरडे कपाट आणि एक नोंदवही घ्यावी, सभासदांच्या घरच्या फिती व कॅसेटी मागवाव्यात, आणि चित्रातली माणसे ओळखणारे वडीलधारे हयात आहेत तोवर नावे, गाव, साल लिहून घ्यावे. फिती जुन्या असतील तर पुण्याच्या संग्रहालयाचा सल्ला घ्यावा. नोंदवही लिहिण्याचे काम मी पत्करतो. अपलेखनाच्या यादीवर सही करणाऱ्या हाताने आता आवक नोंदवणे, एवढे प्रायश्चित्त तरी माझ्याकडून घडावे.